चटई पेटीसमोर

रविवारी संध्याकाळी माझ्या घरी टीव्हीवरचा सिनेमा पाहायला आळीतली दहा-बारा माणसं येतात. येताना आपापली चटई आणतात, कारण माझ्याकडे तेवढ्या खुर्च्या नाहीत आणि मी त्या आणणारही नाही. जिथे जागा मिळेल तिथे चटई टाकतात, सिनेमा संपला की गुंडाळून घरी जातात. कोणाची चटई कोणाच्या चटईला लागली होती, हे दुसऱ्या दिवशी कोणाच्याही लक्षात नसतं. टीव्हीबद्दल माझं मत विचारलं तर मी एवढंच सांगेन की, तो बंद करता येतो हा त्याचा मोठा गुण आहे. बाकी सिनेमा बरा असतो, बातम्या उशिराच्या असतात आणि गाणी लावतात तेव्हा गाणाऱ्यापेक्षा फुलदाणी जास्त वेळ दिसते.

मतं देण्याची ही सवय मला वडिलांकडून आली. बाबा नागपुरात एका कचेरीत कारकून होते. पन्नासच्या दशकात आमच्या घरी रेडिओ आला, तेव्हा आळीत दुसरा नव्हता. तानपुऱ्याची खुंटी पिळावी तसं बाबा त्याचं बटण पिळत आणि आतल्या माणसाशी बोलत. “अरे, घाई कशाला? तान पळवून नेतंय का कोणी?” किंवा “बाई, श्वास घ्या, श्वास.” नाटक पाहायला गेले तर पडदा पडायच्या आत त्यांचं परीक्षण झालेलं असे, तेही शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात. आई त्यांच्यासोबत नाटकाला जायची बंद झाली होती, ती याच कारणाने. त्यांची मतं बहुतेक वेळा बरोबर असत. त्याचा त्रास जास्त होई.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, झाडीपट्टीत दिली होती. तिच्या गावाकडचा तो सगळा भाग तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा व्हायला अजून बरीच वर्षं होती. धानाची शेतं, जुन्या मालगुजारांनी बांधलेले मामा तलाव आणि चारी बाजूंनी जंगल. आत्या लग्नाआधी आमच्यासारखंच बोलत असे म्हणतात. मी पाहिली तेव्हा ती पूर्ण त्या गावची झालेली होती. बाबा तिला “बाई” म्हणत आणि ती बाबांना “भाऊ”. आत्याचे यजमान, ज्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, ते शेतकरी होते आणि सहसा घराबाहेरच सापडत.

धान कापून, चुरून म्हणजे मळून घरात आलं की त्या भागात गावोगाव पट भरतो. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट आणि रात्री नाटक, अशी जोडीच असते. ज्या गावात पट, तिथल्या प्रत्येक घरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात, आणि मित्रांचे बैलही येतात. आत्याच्या गावचा पट होता त्या वर्षी तिने निरोप पाठवला की भाऊनं यावंच, येताना पोरीलाही आणावं. आई धाकट्या भावाला घेऊन घरी राहिली. मी तेरा-चौदा वर्षांची होते. गाडीने, मग मोटारीने आणि शेवटी बैलगाडीने आम्ही पोचलो.

आत्याची मुलगी माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणत असे आणि ती मला “नागपूरवाली”. तिने मला पहिल्याच दिवशी विहिरीवर सगळं सांगून टाकलं. तिच्यासाठी दोन स्थळं होती. एक शेजारच्या गावचं. त्या घरचा मुलगा तिने गेल्या वर्षीच्या पटात पाहिला होता. त्याची जोडी हरली तरी त्याने बैलांना मारलं नाही, हे तिने पाहून ठेवलं होतं. दुसरं स्थळ पार सिरोंच्याकडचं, गोदावरीच्या काठावरचं. तिच्या थोरल्या काकांनी आणलेलं. मासे भरपूर, शेती भरपूर, घरात सगळे तेलुगू बोलणारे.

“मग काय झालं? शिकशील,” मी म्हटलं.

“शिकीन ना. पन तोवर? सासू शिव्या देऊन राह्यली का जेवाले बोलावून राह्यली, कसं समजन मले?” ती म्हणाली आणि कळशी उचलून डोक्यावर घेतली. “आन घरी यायचं म्हटलं तर चार दिवस जातेत. पटाले बी येता येनार नाई.”

शेजारच्या गावचं जमलं नाही तर काका सिरोंच्याकडे होकार कळवून मोकळे होणार, हे घरात ठरल्यासारखं होतं.

“मग त्यांना विचारायचं ना सरळ,” मी म्हटलं. मी माझ्या बापाची मुलगी होते.

“असं इचारत नसते वो नागपूरवाली,” ताई म्हणाली. “चटया ठेवून पाह्यतेत.”

त्या गावाची रीत मी तेव्हा प्रथम ऐकली. दुसरीकडे कुठे मी ती पाहिली नाही. नाटकाच्या जागी दुपारच्या आतच प्रत्येक घराची, पाहुण्यांचीही, चटई पडते. जमीन खणून उतार केलेला असतो, निघालेल्या मातीचा उंचवटा म्हणजे स्टेज. उतारावर तणस पसरतात, म्हणजे धानाचा पेंढा, आणि त्यावर शिंदीच्या पानांच्या चटया. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला माणसं, मध्ये आडवा बांबू. लग्नाचं मनात असेल तर मुलाची आई आधी आपली चटई टाकते. मुलीची आई जाऊन तिच्या चटईला लागून आपली टाकते, काठाला काठ भिडवून. एवढंच. कोणी कोणाला काही बोलत नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही चटया तशाच राहिल्या तर दोन्ही घरं रात्रभर शेजारी बसतात, आणि मुलाची आई नाटक सोडून मुलगी पाहते. कशी बसते, कशी बोलते, तिसऱ्या अंकाला पेंगते का, मांडीवर कोणाचं पोर आलं तर सावरते का. आणि कोणाला ते नको असेल तर त्याने दुपारीच आपली चटई उचलून दुसरीकडे टाकायची. झाला नकार. शब्द निघाला नाही, त्यामुळे कोणाचं नाकही गेलं नाही. नंतर दोन्ही घरचे लोक बाजारात भेटतात तेव्हा काही झालंच नव्हतं असं बोलू शकतात.

मला ही पद्धत तेव्हाही शहाणपणाची वाटली. पोहे खाऊन, गाणं म्हणायला लावून, वर आठवड्याने नकाराचं पत्र पाठवणाऱ्या आमच्या शहरी पद्धतीपेक्षा नक्कीच.

पटाच्या दिवशी सकाळी आत्या स्वतः जाऊन चटई टाकून आली. तिच्या चटईला एका कोपऱ्यात जुन्या निळ्या लुगड्याचं ठिगळ होतं, त्यामुळे ती लांबून ओळखू येई. आल्यावर तिने कोणाला काही सांगितलं नाही, पण ताईला म्हणाली, “आज डोक्याले तेल चांगलं लाव.” ताईने लावलं.

दुपारी मामाजी पटाच्या शेतावर होते. बाबांना बैलांच्या शर्यतीत रस नव्हता. धुळीने घसा बसतो असं त्यांचं मत. ते मला घेऊन नाटकाची जागा पाहायला गेले.

तिथे तालीम चालू होती. गावातले लोकच नाटक करत. नायिकेचं काम करणारा गडी नांगर धरणारा, चांगला रुंद खांद्याचा. दिवाळीपासून मिशी काढून बसलेला, त्यामुळे धान कापताना सगळे त्याला “वयनी” म्हणत. तो विडी ओढत ओढत बायकी आवाजात रडण्याची तालीम करत होता आणि खरंच बरा रडत होता. मागच्या पडद्यावर राजवाडा रंगवलेला. प्रवेश शेतकऱ्याच्या झोपडीतला होता.

“झोपडीत एवढे खांब?” बाबा म्हणाले.

“एकच परदा हाये, पाव्हणे,” विडीवाल्या नायिकेने सांगितलं. “लोकायले माहीत हाये का झोपडी हाये.”

स्टेजच्या खाली एका बाजूला पेटीवाला बसला होता. पन्नाशीचा, शेजारच्या गावचा, म्हणजे ज्या गावी ताईचं चाललं होतं त्याच गावचा. बाबा त्याच्यापाशी थांबले, डोळे मिटून ऐकू लागले, आणि मला कळलं की आता काहीतरी होणार.

“तुमची पेटी बेसूर आहे,” बाबा म्हणाले.

“माझी नाई, मंडळाची हाये,” तो म्हणाला.

“मध्यम अडकतो.”

“तो अडकतेच.”

बाबा वाकून पट्ट्यांकडे बघत राहिले. त्यांना वाद घालणारा माणूस आवडे. मान्य करणाऱ्या माणसापुढे ते अडकत. पण त्यांच्या डोक्यात मध्यम बसला तो बसलाच. पट्टी अडकते की आतली सुरपट्टी सैल आहे, हे रात्री नीट ऐकलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. मग त्यांनी उतारावर नजर टाकली. आत्याची निळ्या ठिगळाची चटई पार टोकाला, बांबूपासून लांब, गॅसबत्तीच्या खांबामागे पडलेली.

“ही काय जागा आहे?” बाबा म्हणाले. “इथून काय ऐकू येणार? खांब मध्ये. बाईला संगीतातलं पहिल्यापासून काही कळत नाही.”

त्यांनी चटई उचलली. मी दुसरं टोक धरलं. चटई उचलताना तिच्या काठाला दुसरी एक चटई भिडलेली आहे हे मला दिसलं, आणि ताईचं बोलणं मला आठवायला हवं होतं. पण ताईने सांगितली ती गोष्ट विहिरीवरची होती आणि समोरची चटई खांबामागची होती. दोन्हीचा मेळ माझ्या डोक्यात बसला नाही. आम्ही चटई नेऊन बायांच्या बाजूला, बांबूला लागून, बरोबर पेटीसमोर टाकली. बाबांनी बांबूच्या पलीकडे स्वतःसाठी रुमाल टाकून जागा धरली. जागा उत्तम होती. ते मी आजही म्हणेन.

घरी आलो तेव्हा आत्या वडे तळत होती.

“बाई,” बाबा म्हणाले, “तुझी चटई चांगल्या जागी टाकून आलो.”

आत्याचा झारा कढईवर थांबला. “कोनती चटई?”

“निळ्या ठिगळाची. पेटीसमोर टाकली.”

“उचलली?”

“उचलल्याशिवाय टाकणार कशी?”

आत्याने कढई चुलीवरून उतरवून खाली ठेवली. तळायचे वडे तसेच थापलेले राहिले. “काऊन उचलली गा? तुले कोनं सांगतलं होतं?” तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. मग तिने बाबांना ती रीत सांगितली. तोपर्यंत मलाही मेळ बसला होता आणि मी दाराशी सरकले होते.

बाबा ऐकून घेऊन म्हणाले, “मग सोपं आहे. मी जाऊन परत ठेवतो.”

“उचललेली चटई आपन परत ठेवत नसतेत. त्यायनं पाहून घेतली असन एव्हाना. नाई म्हनून मंग होय म्हनाले लागलो तर लोकं म्हनतीन, दुसरीकडे जमलं नाई म्हनून आले.”

“मग त्या बाईंना जाऊन सांगतो, चूक झाली.”

“कशाची चूक? अजून कोनी काई म्हटलंच नाई. जे बोललंच नाई, त्याची माफी मागशीन?”

बाबांनी जायला म्हणून घातलेल्या चपला परत काढल्या. आयुष्यात मी त्यांना असं माघार घेताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

ताई मागच्या अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. सगळं तिला ऐकू गेलं होतं. तिने सूप खाली ठेवलं नाही, पण पाखडायची थांबली. थोड्या वेळाने परत सुरू केलं. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, “तेलुगूत डाळीले काय म्हनतेत, तुले माहीत हाये का?”

मला माहीत नव्हतं.

“पप्पू,” ती म्हणाली. “काकानं सांगतलं. एक शबद आला मले.” मग सूप आपटून कोंडा काढला आणि म्हणाली, “आता मामाले नाटकात तोंड उघडू नको म्हना.” बाबा तिचे मामा.

आत्याने तेच बजावलं. रात्री तू चूप बस, भाऊ. बस, चूप बस. बाबांनी मान हलवली.

रात्री आम्ही त्या उत्तम जागेवर जाऊन बसलो. बांबूच्या पलीकडे बाबा, अलीकडे मी, ताई आणि आत्या. थंडी एवढी होती की बोलताना तोंडातून वाफ निघे. बाबांच्या गळ्यात आईने विणलेला तांबडा मफलर होता. टोकाला खांबामागे मुलाची आई बसली होती. उंच, सावळी बाई, अंगावर घोंगडी. तिच्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती कोणी घेतली नव्हती. गर्दीत प्रत्येकाने ती जागा सोडली, म्हणजे सगळ्यांना माहीत झालं होतं. ती आमच्याकडे बघत नव्हती. आत्याही तिकडे बघत नव्हती. दोघी इतक्या नीट नाटक बघत होत्या की अजून पडदाही उघडला नव्हता हे कोणी म्हणालं नाही.

नाटक मला आवडलं. जमीनदार, दारुडा भाऊ, सोशिक भावजय. नागपुरात पाहिलेल्या नाटकांत नट एकमेकांशी बोलत; इथे ते लोकांशी बोलत आणि लोक उत्तर देत. दारुड्याने बाटली लपवली तर मागून चारजण ओरडले, “वयनी, पोत्यामागं पाहा!” नायिकेने पाहिलं आणि बाटली काढली. गाणं आवडलं तर परत म्हणायला लावत आणि मेलेला माणूससुद्धा उठून पद म्हणे. माझं शिस्तीचं डोकं आधी बावचळलं, मग सरावलं. नट बेतास बात होते, पण एकही माणूस कंटाळलेला नव्हता. असं मी नंतर मोठ्या थिएटरांत फारसं पाहिलं नाही.

मध्यम मात्र अडकत होता. अडकला की तो सूर ओरडत राही आणि पेटीवाला दुसऱ्या हाताने पट्टी वर काढी. प्रत्येक वेळी बाबांचा चेहरा दात दुखल्यासारखा होई. पण ते गप्प होते. ओठ मिटून, हात मांडीखाली घालून गप्प.

पहिला अंक संपला. पडदा पडला की तिथे बक्षिसं जाहीर करतात. ज्याला नटाचं किंवा वाजवणाऱ्याचं काम आवडलं तो काहीतरी देतो आणि मंडळाचा एक माणूस स्टेजवर येऊन देणाऱ्याचं नाव, गाव आणि कारण मोठ्याने सांगतो. हे बराच वेळ चालतं आणि लोक ते नाटकाइतकंच मन लावून ऐकतात.

ताईने दोन-तीन बक्षिसांची कारणं कान देऊन ऐकली आणि बांबूकडे वळली. “मामा,” ती चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “पेटी कशी वाजून राह्यली?”

आत्याने तिला चिमटा काढला. बाबांनी आत्याकडे पाहिलं.

“मामा, मी इचारून राह्यली ना. नागपुरात तुमी रेडिओसंग बोलता म्हनते हे पोरगी. त्याले आयकू बी जात नाई. इथी मानसं बसून हायेत तर चूप?”

बाबा उभे राहिले. आत्याने डोळे मिटून घेतले.

बाबांनी गळ्यातला मफलर काढला आणि स्टेजवरच्या माणसाच्या हातात दिला. “पेटीवाल्यांना,” ते म्हणाले.

“नागपूरचे पाव्हणे!” तो माणूस ओरडला. “पेटीले मफलर! काऊन देऊन राह्यले, पाव्हणे?”

“पेटी बेसूर आहे म्हणून,” बाबा म्हणाले.

सगळीकडे हशा झाला. तो माणूस क्षणभर गोंधळला, पण हुशार होता. त्याने जसंच्या तसं ओरडून सांगितलं. बाबांना आता थांबवता येणार नव्हतं.

“पेटी बेसूर आहे, पण वाजवणारा सुरात आहे. बेसूर पेटीवर सुरात वाजवणं सोपं नाही. दुपारपासून मला कळत नाही की पट्टी अडकते की सुरपट्टी सैल आहे. ते नीट ऐकायला म्हणून मी माझ्या बहिणीची चटई तिला न विचारता तिकडून उचलली आणि इथे आणली. इथे बसूनही अजून कळलेलं नाही.”

पेटीवाल्याने मफलर गळ्यात घातला, दोन्ही टोकं बघितली आणि म्हणाला, “पाव्हणे, दिवाळीत उंदरानं पट्टीखालचं कापड कुरतडलं. इनाम मले देता का उंदराले?”

आता तर लोक मांड्या बडवून हसायला लागले. नायिका पडद्याबाहेर डोकं काढून हसत होती. स्टेजवरचा माणूस सगळे शांत होईपर्यंत थांबला. तो त्या गावचा होता आणि त्यालाही माहीत होतं. मग त्याने आवाज लावला, बरोबर त्या टोकाच्या खांबापर्यंत जाईल असा. “नागपूरच्या पाव्हण्यानं चटई पेटीसाठी उचलली! बहिणीले न इचारता उचलली! ज्यायले जे समजाचं ते समजा!”

पुढच्या बक्षिसाचं नाव सुरू झालं. बाबा खाली बसले. आत्या अजून डोळे मिटून होती. “काय केलं वो,” ती ताईला म्हणाली. ताई ताठ बसली होती, हात मांडीवर, आणि समोर पडद्याकडे बघत होती. पडदा बंद होता.

दुसरा अंक सुरू झाला. खांबाकडे कोणी हललं नाही. भावजयीला घराबाहेर काढलं, तिचं रडणं परत म्हणायला लावलं, दारुडा सुधारला आणि परत बिघडला. खांबाकडे काही नाही. मी वळून पाहायला लागले की ताई माझं डोकं धरून समोर करी. बाबा कान झाकून बसले होते, कारण मफलर गेला होता.

दुसरा अंक संपून बक्षिसं सुरू झाली तेव्हा बायांच्या रांगेत हालचाल झाली. घोंगडीवाली उंच बाई लोकांच्या पायांतून वाट काढत येत होती. तिच्या काखेत गुंडाळलेली चटई होती. आमच्यापाशी येऊन ती थांबली.

“सरका वो बाई,” ती आत्याला म्हणाली. “तिकून पेटी आयकूच येत नाई.”

आत्या सरकली. त्या बाईने चटई उलगडली, निळ्या ठिगळाच्या काठाला काठ भिडवला आणि हाताने दाबून सपाट केला. मग बसली, आणि तिसरा अंक संपेपर्यंत तिने एकदाही स्टेजकडे पाहिलं नाही.

ताई पेंगली नाही. मी तिच्या मांडीवर झोपले आणि तिने मला सावरलं. त्याचाही तिला उपयोग झाला असणार.

सकाळी चटया झाडताना ती बाई आत्याला म्हणाली, “हिचा मामा असाच बोलते का नेहमी?”

“लहानपनापासून,” आत्या म्हणाली. तिला खोटं बोलणं जमत नसे.

“बरं हाये. पोटात ठेवनाऱ्याची भीती वाटते मले.” आणि चटई काखेत मारून ती गेली.

त्या उन्हाळ्यात लग्न झालं. बाबांनी मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांना मधेच थांबवून पट्टी बदलायला लावली. त्याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. पेटीवाला भर मे महिन्यात तो मफलर घालून आला होता. सिरोंच्याच्या स्थळाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. काका काही दिवस रुसले होते एवढं खरं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ताई मागच्या महिन्यात डोळे तपासायला नागपूरला आली, ती माझ्याकडे उतरली. नातवंडं आहेत, अजून शेतावर जाते, पटाला अजूनही घर भरतं. रविवारी आळीतले लोक आपापल्या चटया घेऊन आले, तेव्हा तिने कोणाची चटई कोणाजवळ पडते ते आधी नीट पाहून घेतलं. मग काठाला काठ लागलेल्या दोन चटयांकडे बघत मला हळूच विचारलं, “त्या दोघींचं काई चाललं हाये का?” मी म्हटलं, काही नाही, तिथून पंखा लागतो.

सिनेमात नायिका गात होती. गाणं बरं होतं, वाद्यं फार होती, आणि तसं मी म्हटलं.

“त्यायले आयकू जाते का?” ताईने टीव्हीकडे बोट दाखवून विचारलं.

“नाही.”

“मंग कशाले सांगून राह्यली?” ती म्हणाली, आणि नीट दिसावं म्हणून चटई थोडी पुढे ओढून घेतली.